स्टेम सेल उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी येणाऱ्या कुटुंबांशी बोलणं हे माझं काम आहे. निम्मे प्रश्न त्यांच्या मुलाच्या आजाराचे असतात. उरलेले निघताना दारात विचारले जातात: भाचीला ऑटिझम आहे, वडिलांना पार्किन्सन आहे, वहिनी बाळंत होणार आहे आणि नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी येऊन गेला आहे. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्टेम सेलने आज खरोखर जीव वाचतात. त्याच नावाने हवालदिल आईवडिलांकडून लाखो रुपये उकळलेही जातात. यातलं कुठलं कोणतं, हे घरच्या घरी ओळखता यावं एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

स्टेम सेल म्हणजे नेमकं काय?

आपल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. तांबडी पेशी ऑक्सिजन वाहते, स्नायूची पेशी आकुंचन पावते. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, दोन गोष्टी करू शकते: स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करणं आणि गरजेप्रमाणे वेगळ्या कामाच्या पेशींना जन्म देणं. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, अशा रक्ताच्या मूलपेशी असतात. त्यांच्या जोरावर शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार करतं. त्वचेच्या, आतड्याच्या अस्तराच्या आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी वेगळ्या असतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रक्ताची मूलपेशी रक्तच तयार करते. ती मेंदूत टोचली म्हणून मेंदूची पेशी होत नाही. बाजारातले निम्मे दावे या एका वाक्यापाशी कोसळतात.

मग आज या पेशींनी काय बरं होतं?

रक्ताचे आणि प्रतिकारशक्तीचे आजार. ल्युकेमियाचे अनेक प्रकार, लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार), आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली बाळं. ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो तोच हा उपचार.

त्याची मुळं जुनी आहेत. अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी १९५०च्या दशकातच ल्युकेमियाच्या रुग्णांना दुसऱ्याचा मगज देऊन पाहिला होता. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. अनेकांनी हा नाद सोडला, थॉमस यांनी सोडला नाही, आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. दरम्यान १९६१ साली टोरांटोत टिल आणि मॅककुलॉक या दोघांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून रक्ताच्या मूलपेशी खरोखर असतात हे दाखवून दिलं होतं. आपल्याकडे १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने पहिलं प्रत्यारोपण केलं. टाटाचा हा विभाग आता खारघरला आहे.

'ट्रान्सप्लांट' ऐकून लोक ऑपरेशनची तयारी करून येतात. रुग्णाचं ऑपरेशन होत नाही. आधी काही दिवस जबरदस्त केमोथेरपी देऊन रुग्णाचा स्वतःचा बिघडलेला मगज पुसून टाकतात. मग दात्याच्या पेशी रक्ताच्या पिशवीसारख्याच, मानेजवळच्या किंवा छातीवरच्या नळीतून आत जातात. तास-दोन तासांत ते संपतं, आणि खोलीत जमलेले नातेवाईक विचारतात, "झालं?" खरी कसोटी पुढच्या दोन-चार आठवड्यांची. पेशी रक्तातून आपोआप हाडांपर्यंत पोचतात, पण त्यांनी बस्तान बसवेपर्यंत अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. साधा जंतूही जिवावर बेततो. म्हणून ती स्वतंत्र खोली, ते मास्क, ते उकळलेलं पाणी.

धोके झाकून ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात आणि ते कधी कधी वर्षानुवर्षं चालतं. केमोमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. हा विषय आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांशी बोलायला जड जातो, पण तो प्रत्यारोपणाच्या आधीच बोलायला हवा. आधीच्या सगळ्या लशी पुन्हा घ्याव्या लागतात. काही रुग्ण वाचत नाहीत.

आमच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. प्रत्यारोपण करावं का, आणि कधी?

सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा एचएलए, म्हणजे पेशींवरची आनुवंशिक ओळखखूण, पूर्ण जुळत असेल तर हो, आणि लवकर. चांगल्या केंद्रात, तब्येत राखलेल्या लहान मुलांमध्ये दहापैकी आठ-नऊ मुलं रक्त चढवण्यातून कायमची सुटतात. वय वाढत जातं तसा हा आकडा खाली येतो.

'तब्येत राखलेल्या' या शब्दांवर जोर द्यायला हवा. या आजारात दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातलं लोह अंगात साठत जातं. ते यकृतात आणि हृदयात बसतं. ते बाहेर काढणारं औषध रोज न चुकता घेतलेल्या मुलाचं प्रत्यारोपण वेगळं, आणि यकृत फुगून कडक झालेल्या मुलाचं वेगळं. पैसे जमेपर्यंत, दाता मिळेपर्यंत पालकांच्या हातात असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे: लोहाचं औषध चुकवू नका, फेरिटिनची, म्हणजे साठलेल्या लोहाची, तपासणी टाळू नका.

खासगी रुग्णालयात जुळणाऱ्या भावंडाकडून केलेल्या प्रत्यारोपणाला साधारण १० ते १५ लाख रुपये लागतात. गुंतागुंत झाली की जास्त. सरकारी आणि धर्मादाय केंद्रांत कमी लागतात. बोरिवलीत मुंबई महापालिकेचं मुलांसाठी खास थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र आहे. कोल इंडियाच्या सामाजिक निधीतून चालणाऱ्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'त पात्र मुलांना निवडक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत मिळते. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान मदत निधी हे दोन अर्ज रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवक भरून देतो. त्याला पहिल्याच दिवशी भेटा. घर किंवा जमीन विकायचा विचार या सगळ्यांनंतरचा.

आणि ज्यांच्या घरात अजून हा आजार नाही त्यांच्यासाठी: आईवडील दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण सदोष जनुक आहे असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. उल्हासनगरच्या सिंधी समाजात, कच्छी आणि लोहाणा कुटुंबांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण हा आजार कुठल्याच जातीचा नाही. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत एचबीए-२ ही रक्ततपासणी करून घेतली, तर ही अख्खी वाट चालायची वेळच येत नाही.

सिकल सेलचं काय? आम्ही गडचिरोलीचे.

प्रत्यारोपणाने सिकल सेलही बरा होतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघरी माहीत आहे, पण प्रत्यारोपणापर्यंत पोचणारी मुलं फार थोडी. ज्याला वारंवार पक्षाघात होतो, छातीत तीव्र दुखणं उठतं, हायड्रॉक्सियुरियाची गोळी देऊनही वेदनांचे झटके थांबत नाहीत, अशा मुलाच्या भावंडांची एचएलए तपासणी तरी नक्की करावी. जुलै २०२३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानात तपासणी मोफत आहे. प्रत्यारोपण सगळ्यांना लागत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेऊन पुष्कळ जण शाळा, नोकरी, संसार नीट करतात.

भावंडाशी जुळलं नाही तर?

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्केच असते. आईवडील साधारणपणे अर्धे जुळतात. पूर्वी इथे दार बंद व्हायचं. आता अर्ध्या जुळणाऱ्या दात्याकडून, म्हणजे हॅप्लो पद्धतीने, प्रत्यारोपण होतं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त औषध दिलं की हल्लेखोर पेशी मोठ्या प्रमाणात मरतात आणि मूलपेशी वाचतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत रुळली आणि भारतासारख्या देशांत तिने चित्र पालटलं. खर्च आणि धोका मात्र भावंडापेक्षा जास्त.

तिसरा मार्ग अनोळखी दात्याचा. जगभरच्या नोंदणीत ४ कोटींहून जास्त दाते आहेत. त्यांत भारतातले काही लाखच. एचएलए वंशाप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे बदलतं. त्यामुळे मराठी माणसाला जर्मनीतल्या यादीत जुळणारा दाता सापडणं अवघड, कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या यादीत सोपं. पण त्या याद्या भरलेल्याच नाहीत.

दात्याच्या पाठीच्या कण्यात सुई टोचतात ना?

नाही. या एका गैरसमजापायी जुळलेले दातेही माघार घेतात, आणि तोवर रुग्णाची केमो सुरू झालेली असेल तर ते त्याच्या जिवावर उठतं.

नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बस. पुढे कधी जुळलंच तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस जीसीएसएफ या औषधाची इंजेक्शनं देतात. त्याने मूलपेशी हाडांतून रक्तात येतात. मग प्लेटलेट घेतात तसंच एका हातातून रक्त काढून, यंत्रातून फिरवून, पेशी तेवढ्या ठेवून बाकीचं दुसऱ्या हातात परत. चार-सहा तास लागतात. इंजेक्शनांच्या दिवसांत अंग आणि डोकं दुखतं, ते थांबतं. काही वेळा, विशेषतः लहान भावंड दाता असेल तर, भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मगज काढतात. कण्याला कुणी हात लावत नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

बाळाच्या नाळेतलं रक्त साठवावं का? कंपनीवाले म्हणतात ८० आजारांवर उपयोगी आहे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो सातव्या-आठव्या महिन्यात येतो, जेव्हा 'बाळासाठी एवढंही नाही करणार?' असं कुणी म्हटलं की नाही म्हणणं कठीण असतं.

नाळेतल्या रक्तात मूलपेशी असतात हे खरं. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या रक्ताने बरं केलं. त्यानंतर जगात अशी ४० हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली. कंपनीच्या पत्रकात हे असतं. पत्रकात नसतं ते असं, की यांतल्या बहुतेक पिशव्यांतलं रक्त दुसऱ्या बाळांचं होतं, सार्वजनिक बँकेत दान दिलेलं.

तुमच्याच बाळासाठी ठेवलेलं रक्त तुमच्याच बाळाला क्वचितच उपयोगी पडतं. थॅलेसेमिया किंवा सिकल सेल झाला तर तोच दोष त्या रक्तातही आहे. बालपणीचा ल्युकेमिया झाला तर त्याची बीजं अनेकदा जन्माआधीच पडलेली असतात आणि ती साठवलेल्या रक्तातही असू शकतात. मूल मोठं झालं तर एका पिशवीतल्या पेशी त्याच्या वजनाला पुरत नाहीत. ती '८० आजारांची' यादी बहुतांशी अशाच आजारांची आहे ज्यांत दुसऱ्याच्या पेशी लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची भूमिका स्पष्ट आहे: पुढे स्वतःच्या उपयोगासाठी म्हणून नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवायला शास्त्रीय आधार नाही.

एक परिस्थिती अपवादाची. घरात आधीच्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार आहे आणि दुसरं बाळ येतं आहे. तेव्हा त्या बाळाचं रक्त जपून ठेवण्यात अर्थ आहे, आणि ते तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांशी आधी बोलून करायचं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. पिशवी भरायची म्हणून नाळ घाईने बांधली जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ जन्मल्यावर किमान एक मिनिट थांबून नाळ बांधावी. त्या वेळात वारेतलं आणखी रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. आपल्याकडे मुलांमधला ॲनिमिया किती आहे हे अंगणवाडीतल्या कुठल्याही ताईला विचारा. नाळेतल्या रक्ताचा सगळ्यांत खात्रीचा उपयोग तो, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

दुधाचे दात, मासिक पाळीचं रक्त, चरबी यांतल्या पेशी साठवण्याबद्दल?

२०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात फक्त नाळेतलं रक्त व्यावसायिक तत्त्वावर साठवता येतं. बाकी काही साठवून पैसे घ्यायला परवानगी नाही.

नातवाला ऑटिझम आहे. एका ठिकाणी स्टेम सेलची चार इंजेक्शनं सांगितली आहेत. घ्यावीत का?

घेऊ नका, आजी. हे मी कुठल्याही आडपडद्याशिवाय सांगते.

असे उपचार देणारे साधारणपणे मुलाच्याच कमरेतून मगज काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. पुन्हा पहिल्या उत्तरातलं वाक्य आठवा: रक्ताची पेशी मेंदूची होत नाही. मग सांगितलं जातं की पेशी सूज कमी करतात, चांगली रसायनं सोडतात. हे तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर नाळेतल्या रक्ताची चाचणी केली. निम्म्याहून जास्त मुलांना खऱ्या पेशी आणि उरलेल्यांना नुसतं द्रावण, आणि कुणाला काय मिळालं हे पालकांना माहीत नाही. २०२० साली निकाल आला. ज्यासाठी चाचणी केली होती त्या सामाजिक वागण्यात पेशी मिळालेल्या मुलांची सरशी दिसली नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ साली सांगितलं की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे.

"पण त्यांच्याकडच्या एका मुलात फरक पडला." पडला असेल. चार वर्षांचं मूल सहा महिन्यांत बदलतंच, ऑटिझम असला तरी. त्याच काळात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीही चालू असते, कारण हीच केंद्रं पॅकेजमध्ये ती देतात. श्रेय इंजेक्शनला जातं. ड्यूकच्या चाचणीत नुसतं द्रावण मिळालेल्या गटाकडेही पाहावं लागलं ते याचसाठी.

त्या लाखांत काय होऊ शकतं याचा विचार करा. नियमित थेरपीची दोन-तीन वर्षं. आईला काही महिने कामावरून सुट्टी. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि थेरपी मोफत असते. तिथे रांग असते, खोली लहान असते, पण जे मिळतं त्याला पुरावा आहे. सेरेब्रल पाल्सीबद्दलही हेच. तिथे चाचण्या चालू आहेत, पण विकत घ्यायचा उपचार अजून कुठेच सिद्ध झालेला नाही.

उपयोग नाही झाला तरी नुकसान तर नाही ना? आपल्याच पेशी आहेत.

नुकसान होतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने २०१५ साली तीन महिलांच्या पोटातली चरबी काढून तिच्यातल्या पेशी डोळ्यांत टोचल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. प्रत्येकीने ५ हजार डॉलर मोजले. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. पेशी त्यांच्या स्वतःच्याच होत्या. त्याआधी इस्रायलमधल्या एका मुलाला दुर्मीळ मेंदूविकारासाठी मॉस्कोत भ्रूणाच्या मेंदूतल्या पेशी टोचल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी निघाल्या. त्या दात्यांच्या पेशींपासून वाढल्या होत्या, हे २००९ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.

वाढत राहणं हाच या पेशींचा गुण आणि हाच धोका. म्हणूनच खऱ्या प्रयोगशाळांना एका रुग्णापर्यंत पोचायला वर्षं लागतात.

मधुमेह इन्सुलिनशिवाय बरा होईल का?

टाइप १ मधुमेहात इथे खरी आशा आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या इन्सुलिन देणाऱ्या पेशी यकृताच्या रक्तवाहिनीतून १२ रुग्णांना पूर्ण मात्रेत दिल्या. वर्षभराने त्यांतल्या १० जणांना इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. हे सगळे असे रुग्ण होते की ज्यांची साखर कळायच्या आत धोकादायक खाली जायची. अट अशी की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. साखर इन्सुलिनवर नीट राहणाऱ्या मुलासाठी तो सौदा आज परवडणारा नाही. चीनमध्ये एका तरुणीला तिच्याच पेशींपासून केलेल्या इन्सुलिन-पेशी दिल्याचा अहवाल २०२४ साली आला. तो अभ्यास अजून अगदी लहान आहे.

आपल्याकडचे बहुतेक मधुमेही टाइप २चे. त्यांच्यासाठी स्टेम सेलचं पॅकेज विकणाऱ्याकडून सरळ उठून यावं.

पार्किन्सन?

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ठरावीक, डोपामिन देणाऱ्या पेशी मरतात. त्यामुळे नेमक्या त्या पेशी तयार करून नेमक्या जागी बसवणं कल्पनेत तरी शक्य आहे. एप्रिल २०२५मध्ये दोन छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक उत्तर अमेरिकेतली १२ रुग्णांची, दुसरी क्योटोची ७ रुग्णांची. पेशी मेंदूत टिकल्या, गाठी झाल्या नाहीत, काहींची हालचाल सुधारली. आता मोठ्या चाचण्या लागतील. ही शस्त्रक्रिया कवटीला छिद्र पाडून होते. हातावरच्या शिरेतून सलाइनसारखं देऊन पार्किन्सन बरा करतो म्हणणारा माणूस या शास्त्राबद्दल बोलत नाही.

डोळ्यांसाठी काही आहे का?

आहे, आणि त्यात भारत पुढे आहे. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी रासायनिक भाजण्याने मेल्या की बुबुळावर पांढरा पडदा चढतो. आपल्याकडे लहान मुलांत याचं एक मोठं कारण पानाच्या चुन्याची पुडी आहे. मूल खेळायला घेतं, दाबतं, फुटते. एक डोळा शाबूत असेल तर त्याच्या कडेचा चिमुकला तुकडा घेऊन भाजलेल्या डोळ्यावर बसवता येतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान यांच्या चमूने २०१२ साली याची सोपी पद्धत मांडली, जिला पेशी वाढवण्याची महागडी प्रयोगशाळा लागत नाही. ती आता अनेक देशांत वापरतात. युरोपात प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशाच पेशींच्या उपचाराला २०१५ साली मान्यता मिळाली.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे विकार वेगळे. तिथे प्रयोग चालू आहेत, उपचार नाही. आणि चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

भ्रूण मारून या पेशी काढतात, हे खरं का?

१९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. ते भ्रूण वंध्यत्व उपचारांत उरलेले, पाच-सहा दिवसांचे, दात्यांच्या संमतीने मिळालेले होते. पुष्कळांना तरीही ते पटलं नाही, आणि तो आक्षेप मनापासूनचा आहे. २००६ साली क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी वेगळी वाट काढली. उंदराच्या त्वचेच्या साध्या पेशीत चार जनुकं घातली आणि ती पेशी पुन्हा भ्रूणातल्यासारखी झाली. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीत हे जमलं, २०१२ साली नोबेल आलं. २०१४ साली कोबेत अशा पेशींपासून केलेला रेटिनाचा थर पहिल्यांदा एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले तेव्हा संशोधकांनी स्वतःहून ती शस्त्रक्रिया थांबवली. मला त्या थांबण्याचं फार मोल वाटतं. बोन मॅरो प्रत्यारोपणाचा मात्र भ्रूणाशी काहीही संबंध नाही.

जीन थेरपी आणि कार-टी म्हणजे हेच का?

जीन थेरपीत कधी कधी हेच. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठी मान्य केलेल्या उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या मूलपेशी काढून, क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने दुरुस्त करून परत देतात. दाता लागत नाही. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, त्यामुळे आज गडचिरोलीला त्याचा उपयोग शून्य. पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या पाच रुग्णांच्या मूलपेशींत निरोगी जनुक घालून परत दिल्या, आणि २०२४ साली जाहीर झालेल्या निकालात उपचारानंतर एकालाही रक्तस्राव झाला नव्हता. देशातच हे जमलं तर किमतीचं गणित बदलू शकतं. कार-टीने ते दाखवलं आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून घडवलेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली आणि तो परदेशाच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे. कार-टीत मूलपेशी नसतात, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी असतात.

गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन?

क्लिनिकमध्ये 'स्टेम सेल' म्हणून दिलं जातं ते बऱ्याचदा पीआरपी असतं, म्हणजे स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटचा भाग. त्यात मूलपेशी नसतात. गुडघ्यांच्या झिजेसाठी दात्याच्या मगजातून केलेलं एक उत्पादन भारतात २०२२ साली मान्य झालं. ते दुखणं कमी करण्यासाठी आहे. पूर्ण झिजलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याने टळत नाही.

चेहऱ्याचं क्रीम, केसांचं सीरम?

बाटलीत जिवंत मूलपेशी टिकत नाहीत.

संशोधनात भाग घ्यायचा आहे. फसवणूक कशी ओळखायची?

भारतात रक्ताच्या मान्य आजारांतलं प्रत्यारोपण आणि मोजकी मान्यताप्राप्त उत्पादनं सोडली तर स्टेम सेलचा प्रत्येक वापर संशोधन धरला जातो. संशोधन म्हणजे त्याची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर हवी, नीतिमत्ता समितीची परवानगी हवी, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत सोपी कसोटी आहे. 'ट्रायल' म्हणतात आणि बिलही देतात? मग ती ट्रायल नाही.

भेटीला जाताना सोबत कुणाला तरी घेऊन जा आणि विचारा: पेशी कुणाच्या, कुठल्या अवयवातून? सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? तुमचे निकाल कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात छापले आहेत? गाठ झाली, संसर्ग झाला तर खर्च कोण करणार, लिहून द्याल का? एकच इंजेक्शन ऑटिझम, मधुमेह, लकवा आणि गुडघे या सगळ्यांवर चालतं म्हणाले तर पुढचं विचारायची गरज नाही. लकवा, मधुमेह, अंधत्व बरं करण्याची जाहिरात करायला तर १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. फाइल घरी आणा, जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्या आजाराच्या विभागात दाखवा, आणि आगाऊ रक्कम त्या भेटीनंतरच्या दिवसावर ठेवा. ज्यांचा उपचार खरा आहे ते तेवढं थांबतात.

मला दाता व्हायचं आहे. वय ३४, थोडा रक्तदाब आहे.

दात्यांच्या नोंदणी संस्था भारतात आहेत. साधारण १८ ते ५० वयापर्यंत नाव घेतात. गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब बहुतेक वेळा आड येत नाही, अंतिम तपासणी जुळल्यावर होते. नाव नोंदवण्याआधी घरी आईवडिलांशी, बायकोशी बोलून घ्या आणि कण्याबद्दलचं वरचं उत्तर त्यांना वाचून दाखवा. फोन क्रमांक किंवा पत्ता बदलला की संस्थेला कळवा. जुळलेला दाता जुन्या क्रमांकामुळे सापडत नाही, असंही होतं.